दर्यामाउलीचं मागचं दार

"मागच्या दाराने," कास्मीर सर म्हणाले. "आणि बँड नाही."

फादर सिल्वेस्टर टेबलावरचा पेपरवेट उचलून इकडचा तिकडे ठेवत होते. त्याच्याखाली एखादी तिसरी वाट सापडली तर बघावी, अशा आशेने. आई खुर्चीच्या टोकावर बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर हात. मी तिच्या पाठीशी उभी होते आणि माझे कान तापले होते. सतरा वर्षांची होते. त्या वयात माझे कान तापायला फारसं कारण लागत नसे.

"मागचं दार म्हणजे खाडीकडचं?" मी विचारलं.

"दुसरं कुठलं?"

"तिथे कुत्रीसुद्धा जात नाहीत, सर."

"जशी," आईने हळूच मला नावाने दटावलं.

"हे बघ बाय, नियम मी केलेला नाही." कास्मीर सर चर्च कमिटीचे अध्यक्ष होते आणि माणूस वाईट नव्हता. अर्ध्या तिवरगावाला त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट ते पाढ्यासारखीच म्हणत. "मोठ्या दाराने कुमारिका येतात. विधवेचं लग्न असेल तर तिने मागच्या दाराने यायचं. हे पहिल्यापासून आहे. यायचं, लग्न लावायचं, जायचं. गाजावाजा नाही. ह्यात फिलूबाईंचा अपमान नाही, उलट त्यांची लाज राखली जाते."

"आणि बस्त्यावकाका? ते तर कुमार आहेत. त्यांनी कुठून यायचं?"

सरांनी ह्याचा विचार केलेला दिसत नव्हता. "पुरुषाचं काय," ते म्हणाले, "तो कुठूनही येईल."

तेवढ्यात आईचे खांदे हलायला लागले. तिने पदराचा बोळा तोंडाला लावला आणि मान खाली घातली. फादर घाबरून उठले, पाण्याचा ग्लास पुढे केला. सरसुद्धा ओशाळले, चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, आता मी ह्या दोघांनाही काहीतरी बोलणार आणि नरकात जाणार.

"मला चालेल," पदरातून आईचा आवाज आला. "मागच्या दाराने चालेल."

बाहेर बस्त्यावकाका सायकल धरून उभे होते. आत यायला ते लाजले होते.

"काय ठरलं?"

"येत्या रविवारी. साडेपाच," आई म्हणाली. "मागच्या दाराने."

काकांनी सायकलची घंटी एकदा वाजवली. त्यांना काही सुचलं नाही की ते घंटी वाजवत.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ते गेले तेव्हा मी दुसरीत होते. पुढे आईने वाडीतला चाफा आणि वांगी विकून घर चालवलं. बस्त्याव रुमाव हे आमच्या ब्रास बँडचे कॉर्नेटवाले. आजूबाजूच्या सगळ्या गावांतल्या लग्नांत वाजवून स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिलेले. चार वर्षं ते आमच्या अंगणात येऊन, "फिलू, वांगी आहेत का?" एवढंच विचारत होते. माणूस एकटा, आणि आठवड्याला एवढी वांगी! शेवटी त्या नाताळात आईनेच विचारलं, "बस्त्याव, तुला वांगी आवडतात का?" ते म्हणाले, "नाही." एवढ्यावर लग्न ठरलं.

आता भस्म बुधवार जवळ आला होता. त्यानंतर उपवासकाळ, चाळीस दिवस आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. म्हणजे उरला तो एकच रविवार, आणि त्यातही चार वाजता कास्मीर सरांच्या मुलीचं, लवीनाचं लग्न, म्हणून आम्हाला साडेपाच. पुढे ढकलायला आई तयार नव्हती. "चाळीस दिवस मिळाले ना, तर हा माणूस परत वांग्यांवर येईल," ती म्हणायची. ती हे हसत म्हणायची, पण संध्याकाळी सायकलची घंटी ऐकू येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे, हे मला दिसत होतं.

आमचं दर्यामाउलीचं चर्च तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. तिवरगाव केवढंसं, एक बाजार, एक थिएटर, दोन बेकऱ्या. आणि त्यात हे अवाढव्य चर्च. पडवीत हत्ती बांधावा तसं. रस्त्यावरून दिसायची ती लांबच लांब काळ्या दगडाची भिंत, उंचावर अरुंद खिडक्या, आणि भिंतीच्या मध्यावर सरांनी वर्गणी काढून बांधलेला सिमेंटचा पोर्च. त्याला चार गुळगुळीत खांब, वर ट्यूबलाइट, बाजूला संगमरवरी पाटी. ते आमचं मोठं दार. तिथून आत शिरलं की माणूस चर्चच्या बरोबर कमरेत उगवायचा आणि उजवीकडे वळून वेदीकडे जायचा. गावच्या सगळ्या नवऱ्या तिथे काटकोनात वळल्या होत्या आणि सगळ्यांच्या पांढऱ्या झग्याचं शेपूट तिथल्या बाकाच्या कोपऱ्यात अडकलं होतं. ते न फाडता सोडवणारी करवली हुशार समजत.

छपराच्या टोकावर माउलीचा पुतळा होता. तिचं तोंड खाडीकडे, त्यामुळे आम्हाला रस्त्यावरून फक्त तिचा डावा कान दिसायचा. आम्ही त्या कानाकडे बघत लहानाचे मोठे झालो. नवससुद्धा त्या कानातच सांगायचो.

आणि खाडीची बाजू म्हणजे मागची बाजू. तिथे निवडुंगाचं कुंपण, पलीकडे तिवरांचा चिखल. कुंपणातून डोकं घालून वर पाहिलं तर शेवाळलेला दगड आणि त्यातून फुटलेला पिंपळ, बस. तिथून माझ्या आईने नवरी म्हणून जायचं! मला झोप लागेना.

"आपण दुसऱ्या गावात लग्न लावू," मी म्हटलं.

"का? आपलं चर्च काय वाईट आहे?"

"आई, ते तुला चोरासारखं आत घेणार आहेत."

"नियम आहे ना बाय." आणि चुलीकडे तोंड फिरवून ती अशी काही फुसफुसली की भाकरी तव्याबाहेर गेली. मला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं.

आठवडाभर तिचं हेच चाललं होतं. विहिरीवर बायकांनी हळहळ दाखवली की ती मान खाली घालायची, आणि घरी येऊन गाणी म्हणायची. मंगळवारी तिने जुव्यावर पेद्रूमामाला निरोप धाडला, रविवारी होडी तयार ठेव. जुवं म्हणजे खाडीतलं बेट, आईचं माहेर. पूल झाल्यापासून तिथून सगळे बसने येत.

"होडी कशाला?" मी विचारलं.

"मागच्या दाराला रस्ता कुठे आहे? निवडुंगातून जाऊ?"

मी तिचे लग्नाचे बूट पुसायला घेतले.

शुक्रवारी फादर सिल्वेस्टर स्वतः घरी आले, कपाळावर कोळिष्टक घेऊन. "फिलूबाई, थोडी अडचण आहे. त्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही नाताळचा गोठा ठेवतो. बैल आहे, तीन राजे आहेत, मोडकी बाकं आहेत. राजे मी हलवले. बैल हलत नाही."

"बैल असू द्या, फादर. दार तेवढं उघडा."

"तेच तर. ते कधी उघडलं होतं हे कुणालाच आठवत नाही. तुम्ही बाजूच्या सॅक्रिस्टीतून, माझ्या झग्यांच्या खोलीतून..."

"नको," आई एवढ्या घाईने म्हणाली की आम्ही दोघांनी चमकून पाहिलं. तिने लगेच पदर सारखा केला. "कमिटीने मागचं दार सांगितलं आहे. कमिटीचा शब्द मोडायला नको."

फादरांचे डोळे भरून आले. तरुण होते बिचारे, तिवरगावात त्यांचं पहिलंच वर्ष.

बस्त्यावकाकांची वेगळीच गोष्ट. लवीनाच्या लग्नाची बँडची सुपारी त्यांनी दिवाळीतच घेतली होती.

"म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही दुसऱ्याच्या लग्नात वाजवणार?" मी ओरडले.

"शब्द दिलाय गो. सहापर्यंतचा." ते थोडा वेळ घंटीशी खेळले. "पण मी साडेपाचला येतो. सरांना सांगतो आणि येतो."

"तुम्ही? सरांना सांगणार?"

ते पाढे सरांकडेच शिकले होते. अजूनही सर समोरून आले की सायकलवरून उतरत.

रविवारी दुपारी आम्ही बसने जुव्यावर गेलो. आईने पांढरं नेसायचं नाही, हेही पहिल्यापासून होतं, म्हणून तिने तिच्या आजीचं लाल लुगडं काढलं. जुव्याच्या बायका पूर्वी लग्नात तेच नेसत. केसात चाफा, गळ्यात पोवळ्यांची माळ. ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच बघून हसली. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा बरीच मोठी आहे, आणि बेचाळीस म्हणजे किती कोवळं वय असतं ते मला कळतं. त्या दिवशी मला ती म्हातारी वाटत होती, आणि म्हातारीने एवढं सुंदर दिसणं थोडं आगाऊपणाचं.

"चला गो, चला!" पेद्रूमामा धक्क्यावरून ओरडत होता. "पाणी उतरायला लागलंय. ओहोटी काय तुझ्या वेणीसाठी थांबणार आहे?"

होडी रंगवलेली नव्हती, पण मामाने तिच्या नाकावर झेंडूची माळ बांधली होती. इंजिन खोकलं, थुंकलं, सुरू झालं. दोन्हीकडे तिवरं, मध्ये हिरवं पाणी. मी लाकडी फळीवर ताठ बसले होते. एका हातात आईचे बूट, दुसऱ्या हातात रोझरीची माळ, आणि मनात कास्मीर सरांसाठी तयार केलेलं एक भाषण.

"तोंड एवढं का पाडलंयस?" मामाने विचारलं.

"मामा, तुम्ही भाऊ आहात तिचे. तिला मागच्या दाराने नेतायत, तुम्हाला काही वाटत नाही?"

मामाने आईकडे पाहिलं. आईने मामाकडे पाहिलं. "हिला सांगितलं नाहीस?" तो म्हणाला.

"नाही. मला हिचं तोंड बघायचं होतं."

"काय सांगितलं नाही?"

होडीने वळण घेतलं. तिवरं संपली आणि खाडी एकदम रुंद झाली.

मी बूट पाण्यात टाकले. म्हणजे टाकले नाहीत, हातातून गेले.

समोर एक चर्च उभं होतं जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. तीन मजली दर्शनी भिंत, उन्हात मधासारखी पिवळी. एकावर एक खांबांच्या जोड्या, त्यांच्यामध्ये कोनाडे, कोनाड्यांत दगडी संत, कुणाच्या हातात मासा, कुणाच्या हातात किल्ली. दगडात कोरलेले शंख, दोरखंड, वेली. दोन्ही बाजूंना दोन मनोरे. एकात घंटा, आणि दुसऱ्यावर घड्याळ. पण घड्याळ खरं नव्हतं, बांधणाऱ्यांकडचे पैसे संपल्यावर ते नुसतं रंगवलं होतं, काट्यांसकट. मधोमध दोन पुरुष उंचीचं कमानदार दार, आणि दारापासून थेट पाण्यात उतरत गेलेल्या रुंद दगडी पायऱ्या, एखाद्या बाईने ऐटीत पदर पसरून बसावं तशा. आणि सगळ्यात वर माउली. तिला दोन्ही कान होते. तिला तोंड होतं! एक हात पुढे करून ती सरळ आमच्या होडीकडे बघत होती आणि हसत होती.

"ही बघ," आई म्हणाली. "मागची बाजू."

आणि मग तिचं आठवडाभर दाबून ठेवलेलं हसू सुटलं. ती एवढी हसली की होडी डुलायला लागली. मामा सुकाणू धरून हसत होता आणि "अगो बस, बुडवशील!" म्हणत होता. मला आधी काही कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं.

"म्हणजे... ऑफिसात तू रडत नव्हतीस?"

"रडतेय कशाला! मला वाटलं आता हसले तर सर दुसरा नियम काढतील."

"अगं पण कुणालाच कसं माहीत नाही?"

"माहीत कसं नाही? पण बघतंय कोण?" तिने डोळे पुसले. "पूल व्हायच्या आधी तिवरगावाला रस्ताच नव्हता. सगळे होडीने यायचे. बेटाबेटांवरून माणसांनी दगड वाहिले, कालवांचे शिंपले जाळून चुना केला, आणि चर्च बांधलं ते पाण्याकडे तोंड करून. मी लहान असताना सणाला ह्या पायऱ्यांवर होड्या लागायच्या. मग पूल झाला, रस्ता आला, आणि लोक जिकडून बस थांबते तिकडून आत जायला लागले. मग तेच पुढचं दार झालं आणि हे मागचं."

"आणि सर म्हणतात ते पहिल्यापासून?"

"सर बदली होऊन आले ते पुलाबरोबर. त्यांचं पहिल्यापासून म्हणजे पुलापासून." आईने लुगड्याचा काठ हातात घेऊन मला दाखवला. "हे ज्या आजीचं लुगडं, तिचंही दुसरं लग्न होतं. तेव्हाही विधवेने मागच्या दाराने जायचं. पण तेव्हा मागचं दार कुठलं होतं, सांग?"

मी बोटाने मांडीवर चर्च आखायला लागले.

"जिथे पोर्च आहे तिथे," मामाच बोलून गेला. "पाद्रीबाबाच्या गाई बांधायचे तिथे. आजी गाईंच्या मधून गेली."

दारांची अदलाबदल झाली होती आणि नियम मात्र जागेवर होता. मी हसायला लागले. आम्ही तिघं असे हसत होतो की एक बगळा रागाने उडून गेला. माझं भाषण बुटांपाठोपाठ पाण्यात गेलं.

"किती वाजले?" आईने विचारलं.

मी मनोऱ्याकडे पाहिलं. "पाच."

"तिथे नेहमीच पाच वाजलेले असतात," मामा म्हणाला. "उतरा लवकर. पाणी चाललंय."

पाणी खरंच चाललं होतं. खालच्या पायऱ्या चिखलातून बाहेर आल्या होत्या. मामाने होडी जेमतेम टेकवली, आम्ही उतरलो. आई अनवाणी, मी तिला धरून. वर गेलो. दार बंद होतं.

मामाने वल्ह्याने दारावर दणके दिले. पारवे उडाले.

"कोण आहे?" आतून फादरांचा आवाज.

"कोण असणार? नवरी!"

"दार हलत नाहीये! कडी निघाली, पण फळ्या फुगल्यात! आणि बैल..."

"बैलाला बाजूला घ्या!"

"तो प्लास्टरचा आहे, त्याचं शिंग निघेल!"

"फादर," आई दाराला तोंड लावून म्हणाली, "नवरा आलाय का?"

"अजून नाही."

आईचा हात माझ्या हातात होता. तो पहिल्यांदाच थंड पडला. ती अजून हसतच होती, पण ते हसू आता तिने जागच्या जागी धरून ठेवलं होतं. चिखलात होडी, बंद दार, आणि पलीकडून, चर्चच्या त्या बाजूने, लवीनाच्या लग्नात बँडवर वाजणारी पोल्का ऐकू येत होती. कॉर्नेट सगळ्यात वर.

"साडेपाचला येतो म्हणालेत ना ते," मी म्हटलं. "सांगून येतील."

"सांगणार कुणाला? सरांना?" आई म्हणाली. "जशी, ते सायकलवरून उतरतात."

मामाने पुन्हा दणके दिले. आणि पोल्का मध्येच तुटली.

तिकडे काय झालं ते मला नंतर लवीनाने सांगितलं. पोर्चमध्ये फोटो चालले होते. वल्ह्याचे दणके ऐकून बस्त्यावकाकांनी कॉर्नेट खाली घेतलं. सर म्हणाले, "बस्त्याव, वाजव. अजून फॅमिली फोटो व्हायचाय." काका जागेवर उभे राहिले, घाम फुटलेला, बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालरी. त्यांनी हाताने हवेत सायकलची घंटी शोधली. ती नव्हती. मग ते म्हणाले, "सर, माझी बायको मागच्या दाराशी उभी आहे." आणि वळून चालायला लागले.

एवढं लांब वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते.

बँडला कॉर्नेट जाईल तिकडे जायची सवय. ढोलवाला, ट्रॉम्बोनवाला, सगळे मागे निघाले, वाजवत. आणि लग्नातल्या लोकांना बँड जाईल तिकडे जायची सवय. त्यामुळे पोर्चमधून आत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच डावीकडे वळून, अख्खं वऱ्हाड काळोख्या टोकाकडे निघालं. लवीना झगा गोळा करून पुढे. तिचा नवा नवरा तिच्या मागे. फोटोग्राफर त्यांच्या मागे. पोर्चमध्ये उरले ते एकटे कास्मीर सर.

आम्हाला बाहेर फक्त आवाज जवळ येताना ऐकू आला. मग खूप पावलं. मग दारापलीकडून, अगदी जवळून, काकांचा आवाज:

"फिलू?"

"आहे," आई म्हणाली. तिच्या हाताला पुन्हा ऊब आली.

"थांब. जाऊ नको."

"कुठे जाऊ? पाणी गेलं."

मग आत एकच गोंधळ. "बैलाला धरा!" "राजाचं डोकं सांभाळा!" "तुम्ही खेचा!" "अहो, झगा!" लवीनाचा नवरा अंगातला नवा सूट विसरून बैलाला खांदा लावत होता. "एक, दोन..." आणि दार एकदम असं करकरलं की जुव्यावर ऐकू गेलं असेल. धूळ, पिसं, गवताच्या काड्या. आधी एक फट. मग एक फळी. मग दुसरी.

आणि आमच्या पाठीमागचं ऊन आत गेलं.

ते कसं गेलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. खाडीवर उतरलेला सूर्य बरोबर आमच्या पाठीशी होता. उजेड उंबरा ओलांडून आत धावला, दोन्हीकडच्या खांबांना शिवत, फरशीवरून, बाकांवरून, एवढ्या लांब चर्चच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि वेदीवर जाऊन आपटला. आम्ही ती वेदी जन्मभर ट्यूबलाइटमध्ये पाहिली होती. आम्हाला वाटायचं ती तपकिरी आहे. ती सोन्याची होती. जमिनीपासून छतापर्यंत, पानापानाला, पंखापंखाला सोनेरी वर्ख, आणि तो सगळा एकदम पेटला. ज्याने कुणी हे चर्च आखलं, त्याने हे आखलं होतं. होडीतून उतरलेल्या माणसाने दारात उभं राहायचं, आणि त्याच्या पाठीवरचं ऊन त्याच्या आधी वेदीपाशी पोहोचायचं.

बँड थांबला. सगळं वऱ्हाड मान वळवून वेदीकडे बघत होतं. मग लवीना भानावर आली.

"पपा!" ती चर्च दणाणेल अशी ओरडली. "मला का नाही इकडून आणलंत?"

दूर, पोर्चच्या दाराशी, सर उभे होते. ते एका हाताने खांब धरून वेदीकडे बघत होते.

"चल," आईने माझा हात दाबला. विधवेला कुणी हात धरून नेत नाही, पण नेऊ नये असा नियम अजून कुणी काढला नव्हता, म्हणून मी नेलं. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला तीन राजे, आणि मधून आम्ही. ती पायऱ्यांच्या चिखलाने भरलेल्या अनवाणी पायांनी चालत होती, लाल लुगड्यात, त्या उजेडाच्या पट्ट्यावरून. काटकोन नाही, बाकाचा कोपरा नाही. पूल झाल्यापासून गावातली एकही बाई नवरी म्हणून त्या चर्चमध्ये एवढं सलग चालली नव्हती.

फादर पुढे पळाले, त्यांना आमच्या आधी पोहोचायचं होतं. काकांनाही वेदीपाशी उभं राहायला हवं होतं, पण त्यांचं आईवरून लक्ष हलेना. त्यांनी कॉर्नेट तोंडाला लावलं आणि वाजवत, आईकडे बघत, उलट्या पावलांनी चालायला लागले. नवरा स्वतःच्या लग्नाची वरात स्वतःच वाजवत पाठमोरा वेदीपर्यंत गेला. शेवटच्या पायरीला अडखळून पडला, पण सूर सुटला नाही.

"बँड नाही असं ठरलं होतं ना?" मी कुजबुजले.

"हा आपला बँड नाही," आई म्हणाली. "हा सरांचा आहे."

लग्न लागलं. फादरांनी विचारलं, तिने हो म्हटलं. काकांना विचारलं, त्यांनीही एका शब्दात उत्तर दिलं, सवयीप्रमाणे. अंगठी घालताना दोघंही हसत होते. फादरही हसत होते. मागे लवीना आणि तिचा नवरा, ज्यांचं लग्न तासाभरापूर्वीच लागलं होतं, एकमेकांचा हात धरून पुन्हा सगळं ऐकत होते, जणू मघाशी नीट ऐकू आलं नव्हतं.

मग आम्ही परत निघायला वळलो आणि दारातून पेद्रूमामा हात हलवत आला. "होडी गेली!"

"कुठे गेली?"

"कुठे नाही! तिथेच आहे, चिखलात बसलीय. पाणी गेलंय. मध्यरात्रीपर्यंत हलत नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खाडीकडे आता नुसता चिखल चमकत होता आणि खेकडे फिरत होते. निवडुंगातून लुगडं जाणार नव्हतं. बाहेर पडायला एकच वाट उरली होती.

आम्ही पोर्चकडे चाललो. पोर्चच्या दाराची एकच फळी उघडी होती. दुसरी कुणीतरी लोटली होती. सर तिथेच उभे होते, सुटाबुटात, कोटाला गुलाब. लेकीचं लग्न, आणि त्यांच्या पोर्चमध्ये एक माणूस नाही. त्यांच्यासमोर येऊन आई थांबली.

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता ऑफिसात होता तसा पदरात नव्हता, "मागचं दार चिखलात गेलंय. इकडून गेले तर चालेल?"

सरांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून लांब, त्या उघड्या दारातल्या उजेडाकडे. तो हळूहळू लाल होत होता. ते काय विचार करत होते कुणास ठाऊक. मी तोंड उघडलं, पण बस्त्यावकाकांनी माझ्या दंडाला हात लावला.

"एका फळीतून दोघं मावणार नाहीत," सर शेवटी म्हणाले.

ते वळले, दुसऱ्या फळीची वरची कडी काढली. खालची कडी निघेना. त्यांनी वाकून ओढली, ती हलली नाही. मग त्यांनी पँटच्या इस्त्रीचा विचार सोडला आणि सरळ गुडघ्यांवर बसले, आईच्या चिखलाने भरलेल्या पायांसमोर, आणि दोन्ही हातांनी कडी उपटायला लागले. अख्खं तिवरगाव बघत होतं.

"अहो सर, उठा," आई म्हणाली, तिचे खांदे परत हलायला लागले होते. "लोकांना वाटेल आशीर्वाद मागताय."

कडी निघाली. फळी सताड उघडली. सर मात्र उठले नाहीत. तसेच गुडघ्यांवर, चष्मा नाकावर घसरलेला, त्यांनी वर पाहिलं.

"द्या मग," ते म्हणाले.

आणि आईने त्यांच्या टकलावर हात ठेवला.